फुग्याच्या बाह्यांचं पोलकं: जुन्या बोलपटातला थाट घरच्या मशीनवर

ब्लाऊज हा शब्द आमच्या घरात बराच उशिरा आला. पणजी पोलकं म्हणायची, आजी झंपर. दोघींच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंमध्ये खांद्यावर दोन टपोरे फुगे मात्र सारखेच. तीस-चाळीसच्या दशकातल्या बोलपटांतही असे फुगे दिसतात आणि ते पाहून 'आपणही एक शिवावं' असं वाटणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. हा लेख त्यांच्यासाठी. मशीनवर सरळ शिलाई मारता येते, उशीचे अभ्रे, पिशव्या शिवून झाल्या आहेत, एवढी तयारी पुरे.

मी पहिलं शिवलं तेव्हा बारीक फुलांचं कापड शोधत चार दुकानं पालथी घातली, लेस आणली, आणि माझ्या नेहमीच्या मापाच्या ब्लाऊजला चुण्यांच्या बाह्या जोडून मोकळी झाले. घालून आरशासमोर उभी राहिले तर फुगे खांद्यावरून घसरून दंडावर लोंबत होते. कापड चांगलं होतं, शिलाईही सरळ होती. चुकला होता तो खांदा. जुन्या पोलक्याचा खांदा अरुंद असतो. बाही जिथे जोडली आहे ती शिवण हाडाच्या थोडी आत, वर बसते आणि फुगा तिथून उभा राहतो. खांदा, बंद गळा आणि अंगाची लांबी, या तीन गोष्टी जमल्या की साधं पांढरं पॉपलिनसुद्धा जुन्या काळातलं वाटतं. त्या नसतील तर कितीही लेस लावा, काही उपयोग नाही.

आधी सिनेमा पाहा

पौराणिक बोलपट बाजूला ठेवा. राजेराण्यांचे पोशाख पाहायला छान, पण घालून कुठे जाणार? त्यापेक्षा प्रभातचे सामाजिक चित्रपट घ्या: कुंकू (१९३७), माणूस (१९३९), शेजारी (१९४१). त्यांतली माणसं त्याच काळातली आहेत. नायिकेपेक्षा मागे उभ्या असलेल्या बायकांकडे जास्त लक्ष द्या, कारण नायिकेचा पदर बहुतेक वेळा नेमका पाहायची जागा झाकतो. कुणी पाठमोरी किंवा आडवी उभी राहिली की चित्र थांबवा आणि वहीत टिपा. बाही दंडावर कुठे संपते, खाली पट्टी आहे की नुसती दुमड, गळा किती वर आहे, बटणं पुढे की मागे, फुग्याला बारीक चुण्या आहेत की मोठ्या निऱ्या.

माप काढायची एक युक्ती आहे. कपाळावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंत मोठ्या माणसाचा चेहरा साधारण सात इंच धरा. पडद्यावर पट्टी लावून बाही चेहऱ्याच्या किती पट आहे ते पाहिलं की अंदाज येतो. बाही चेहऱ्याएवढीच दिसली तर ती सात इंचांच्या आसपास.

दशकांची सरमिसळ मात्र करू नका. साठच्या दशकात कपडे अंगाला घट्ट चिकटले. वक्त (१९६५) मधला साधनाचा चुडीदार-कुर्ता आठवा. तो भानू अथैय्यांनी केलेला, कोल्हापुरात जन्मलेल्या आणि पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळवणाऱ्या. त्या घट्ट कमरेवर फुग्याच्या बाह्या लावल्या तर कपडा धड इकडचा राहत नाही, धड तिकडचा.

कापड

फुगा उभा राहायला कापडात थोडा ताठपणा हवा. पॉपलिन, कॅम्ब्रिक, बारीक पोताची खादी ही नवशिक्यांसाठी उत्तम. टू बाय टू रुबिया चालतं, पण ते मऊ, त्यामुळे फुगा लहान ठेवा. ऑर्गंडी दिसायला सुरेख. पहिल्या पोलक्याला नको, चुण्या घालताना ते हातातून पळतं. क्रेप, जॉर्जेट, सॅटिन तर अजिबात नको.

रंगाची गंमत अशी की पडद्यावरचा रंग आपल्याला दिसतच नाही, फक्त गडद-फिकट दिसतं. दुकानात साडी आणि कापड शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. लाल साडी आणि हिरवं कापड डोळ्यांना वेगळं दिसलं तरी फोटोत कधी कधी एकच करडा रंग येतो. फोटोत दोन्ही वेगळी उठून दिसली की घ्या.

छत्तीस इंच पन्ह्याचं कापड असेल तर ३६ छातीला दीड मीटर आणा. साध्या बाह्यांना मीटरभर पुरतं, पण फुगे बरंच कापड खातात. आणल्या आणल्या रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. सुती कापड आटतं, आणि शिवून झाल्यावर आटलं तर उसवण्यात रविवार जातो.

बाकी सामान प्रत्येकीकडे असतंच: टेप, खडू, टाचण्या, कापडाची वेगळी कात्री (कागद कापायची नव्हे), खाकी कागद, चौदा नंबरची सुई. पॉपलिनला चौदा ठीक, अगदी तलम कापड असेल तर अकरा. मशीन कुठलंही चालेल. हाताने फिरवायचं जुनं काळं मशीन असेल तर चुण्यांच्या जागी ते मोटारीच्या मशीनपेक्षा बरं, कारण एकेक टाका ताब्यात राहतो.

माप जुन्या ब्लाऊजवरून

पुस्तकातला छातीचा आठवा भाग, बारावा भाग हे गणित पहिल्याच दिवशी करू नका. अंगात नीट बसणारं, पण आता घालत नाही असं एक साधं टक्सचं (फिटिंगसाठी शिवलेल्या टोकदार घड्यांचं) ब्लाऊज शोधा. कटोरी किंवा प्रिन्सेस कट नको. ते सगळं उसवा, इस्त्री करा, आणि एक पुढचा भाग व अर्धा पाठीचा भाग खाकी कागदावर ठेवून शिलाईच्या रेषेवरून गिरवून घ्या. कापडाच्या कडेवरून गिरवू नका, नाहीतर पुढे माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, दोनदा धरली जाते. टक्सच्या खुणाही उतरवा.

आता त्या कागदावर तीन बदल.

गळा: हल्लीचे गळे खोल आणि रुंद. खांद्याची रेषा मानेच्या दिशेने वाढवा, इतकी की पाठीच्या मधल्या रेषेपासून मानेचं टोक पावणेतीन ते तीन इंचांवर येईल. पाठीचा गळा त्या टोकापासून जेमतेम एक इंच खोल, पुढचा साडेतीन. गोल काढा. पाठीला बारा इंच मोकळी ठेवायची सवय असेल तर हे फार बंद वाटेल. वाटू द्या.

लांबी: आजचं ब्लाऊज तेरा-चौदा इंचांवर थांबतं. हे पंधरा-सोळा करा, म्हणजे कमरेपर्यंत. नुसती खाली रेषा ओढून भागत नाही. नवी कड अंगावर जिथे येते तिथला घेर मोजा, त्यात दोन इंच ढिलाई मिळवा, आणि टक्स मिटल्यावर कागदाचा घेर तेवढा येतो का ते तपासा. कमी पडला तर बगलेच्या शिवणीत वाढवा.

खांदा: बाहीकडच्या टोकापासून अर्धा इंच आत खूण करा. तिथून मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईची, रेषा पुन्हा काढा आणि मुंढ्याच्या मध्यापर्यंत येता येता जुन्या रेषेला मिळवा. खालचा अर्धा मुंढा हलवायचा नाही. पुढे आणि पाठीला दोन्हीकडे हे करा. खांदे मुळात रुंद असतील तर पाऊण इंच घ्या. त्याहून जास्त नको, हात वर करताना काचतं.

पुढे बटणं लावायची म्हणून पुढच्या भागाच्या मध्यरेषेच्या बाहेर सव्वादोन इंच वाढवा. त्यातलं पाऊण इंच एकावर एक येतं, उरलेलं दीड इंच आत दुमडतं.

बाही, म्हणजे खरं काम

त्याच उसवलेल्या ब्लाऊजची बाही कागदावर गिरवा. फुग्याच्या बाहीची लांबी पट्टीसकट सात इंच धरू. पट्टी एक इंचाची, म्हणून बाहीचा कागद मुंढ्याच्या माथ्यापासून सहा इंचांवर कापा. मध्यावर, म्हणजे खांद्याची शिवण जिथे येते तिथे, उभी रेषा काढा. तिच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचावर आणखी दोन-दोन रेषा. आता या पाचही रेषांवर कागद वरपासून खालपर्यंत कापा. सहा पट्ट्या मिळतील. त्यांना क्रमाने नंबर घाला. मी घातले नव्हते. पंख्याच्या वाऱ्याने उडाल्यावर कुठली कुठली हे ओळखण्यात अर्धा तास गेला.

दुसरा मोठा कागद अंथरा, त्यावर एक आडवी रेषा ओढा आणि पट्ट्या तिच्यावर सरळ ठेवून एकमेकींपासून दूर सरकवा. मधल्या पट्ट्यांमध्ये जास्त अंतर, बगलेकडच्यांत कमी. साधी बाही तेरा इंच रुंद असेल तर पसरून एकोणीस-वीस व्हावी, म्हणजे दीडपट. जुन्या फोटोंत याहून मोठे फुगेही दिसतात, दुप्पट घेराचे, पण पहिल्या खेपेला दीडपटच बरं.

इथे बहुतेक जणी थांबतात आणि मग फुगा चपटा होतो. रुंदी वाढली, उंची नाही, तर कापड वर उठणार कुठून? मध्यावर मुंढ्याची वरची रेषा दीड इंच उंच करा आणि दोन्हीकडे गोलाई देत बगलेच्या टोकांना मिळवा. खालची रेषाही मध्यावर पाऊण इंच खाली उतरवा. वरच्या दीड इंचाने फुगा खांद्यावर उठतो, खालच्या पाऊण इंचाने तो पट्टीवर किंचित झुकतो. बाहीची टोकं हलवायची नाहीत.

मूळ बाहीवर पुढची बाजू कुठली ते लिहून ठेवा. पुढच्या मुंढ्याची गोलाई जरा खोल असते. वरच्या कडेला मध्यखूण करा, आणि चुण्या कुठून कुठे याच्याही दोन खुणा. चुण्या फक्त वरच्या भागात हव्यात. जोडल्यावर त्या खांद्याच्या शिवणीच्या पुढे तीन आणि मागे तीन इंच एवढ्यातच राहिल्या पाहिजेत. बगलेत चुण्या गेल्या की हात खाली घेताना बोळा होतो.

पट्टीसाठी दंडाचा घेर मोजा, हात वाकवून, कारण वाकवल्यावर दंड फुगतो. त्यात एक इंच ढिलाई आणि दोन्ही टोकांना दीड-दीड इंच माया, बाहीच्या बगलेएवढीच. अकरा इंच दंडाला पंधरा इंच लांब पट्टी, रुंदी तीन इंच. रुंदीत दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाऊन, दुमडून, एक इंचाची पट्टी तयार होते.

जुन्या चादरीवर एकदा

हे टाळावंसं वाटतं, टाळू नका. फाटक्या चादरीतून अंगाचे भाग आणि एकच बाही कापा, मोठ्या टाक्यांनी कच्चं शिवा, घाला. साडी नेसूनच आरशात पाहा, पदराशिवाय अंदाज येत नाही. खांद्याची शिवण हाडाच्या आत आहे का, हात डोक्यावर नेता येतो का, बसल्यावर पुढे पोटावर ताणत नाही ना. बदल खडूने चादरीवरच करा आणि मग कागदावर उतरवा.

बेतणं आणि कापणं

कापडाचा उभा धागा कागदावरच्या मध्यरेषेला समांतर ठेवा. माया अशी: खांदा, मुंढा आणि बाहीची वरची-खालची कड यांना अर्धा इंच (पट्टीत ती आधीच धरली आहे), गळ्याला पाव इंच, खालच्या दुमडीला एक इंच, बगलेच्या शिवणीला मात्र दीड इंच. बाहीच्या बगलेलाही दीड इंच, म्हणजे दोन्ही शिवणी सरळ एका रेषेत येतात. जुन्या शिंप्यांची ही सवय अगदी योग्य आहे. अंग वर्षभर एकसारखं कुठे राहतं?

कापड सुलट्या बाजू आत करून दुमडा आणि दोन्ही बाह्या एकदमच कापा. एकेक करून कापल्या तर दोन्ही उजव्या हाताच्या होतात. हसू नका, प्रत्येकीकडून एकदा होतं.

शिवायचा क्रम

पहिल्यांदा टक्स. टोकाशी उलटी शिलाई मारू नका, तिथे टोचरा उंचवटा येतो. दोरे लांब सोडून हाताने गाठ मारा. मग खांदे जोडा. मग पुढच्या पट्ट्या दुमडून शिलाई मारा.

गळ्याला तिरपी पट्टी लावा. कापडाच्या तिरक्या धाग्यावर सव्वा इंच रुंद पट्टी कापायची, सुलट बाजूने गळ्याला जोडायची, मायेला गोलाईत छोट्या कातर्‍या द्यायच्या, मग पट्टी आत वळवून हाताने तुरपाई. मशीनने शिलाई मारली तरी चालते, पण बाहेरून रेघ दिसते आणि जुना नूर जातो. गोल कॉलर फार शोभते, तरी ती दुसऱ्या पोलक्याला ठेवा.

आता बाही. मशीनचा टाका सर्वांत मोठा करा, वरचा ताण थोडा सैल करा आणि दोन चुण्यांच्या खुणांमध्ये दोन समांतर ओळी मारा, एक कडेपासून पाव इंचावर, दुसरी तिच्याजवळच, पण अर्ध्या इंचाच्या आत. दोन्ही टोकांना लांब दोरे सोडा. एकच ओळ मारली तर चुण्या लोळतात. बॉबिनचे दोन्ही दोरे एकत्र धरून हलकेच ओढा, आधी एका टोकाकडून मध्यापर्यंत, मग दुसऱ्या. घाई केली की दोरा तुटतो आणि सगळं पहिल्यापासून. खालच्या कडेलाही असंच, पण तिथे टोकांकडचा इंच-दीड इंच सोडून सगळीकडे चुण्या.

खालच्या कडेला पट्टीची एक बाजू जोडा. पट्टीतही बगलेची दीड-दीड इंच माया धरली आहे, म्हणून दोन्हीची टोकं जुळवूनच जोडा.

अंगाची बगल अजून उघडी आहे, ती उघडीच हवी. मुंढा सपाट पसरा, बाही त्यावर सुलट बाजूला सुलट बाजू ठेवून आधी मध्यखूण खांद्याच्या शिवणीला टाचा, मग दोन्ही टोकं, मग मधलं. चुण्या टाचणीच्या टोकाने सारख्या वाटा. खांद्याच्या अगदी माथ्यावर थोड्या दाट असल्या तर चांगलंच. आधी हाताने कच्चा धावदोरा घाला. शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवा, म्हणजे पायाखाली काय चाललंय ते दिसतं.

शिवण झाली की तिची माया बाहीकडे वळवा, अंगाकडे नाही. ती अर्ध्या इंचाची चुण्यांची माया फुग्याला आतून उचलते. तरीही कापड मऊ असेल तर त्याच कापडाची किंवा ताठ जाळीची दोन इंच रुंद, आठ-नऊ इंच लांब पट्टी घ्या, उभी दुमडून हलक्या चुण्या घाला आणि मुंढ्याच्या वरच्या मायेवर आतून हाताने टाचून टाका. बाहेरून काही दिसत नाही, फुगा मात्र दिवसभर पडत नाही.

मग पट्टीपासून बगलेपर्यंत आणि तिथून खाली कमरेपर्यंत एकच सलग शिलाई. पट्टी आत दुमडून तुरपाई. खालची कड दुमडून तीही हातानेच. कडांचे धागे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉक करून आणा; जवळ कुणी करून देणारं नसेल तर नागमोडी (झिगझॅग) शिलाई मारा.

बटणं मध्यरेषेवर, उजवी बाजू वर. पहिलं बटण छातीच्या सर्वांत रुंद जागी ठरवा आणि मग वर-खाली अडीच इंचांवर वाटत जा. उलट केलं, वरून मोजत आलात, तर नेमकं छातीशी तोंड उघडतं. त्याच कापडाने मढवलेली बटणं सगळ्यांत शोभतात. काजं हाताने करायचा धीर नसेल तर आत हूक लावा आणि वरून बटणं नुसती शोभेला टाका. मी हेच करते आणि आजवर कुणाला कळलेलं नाही.

खळ आणि इस्त्री

भाताची पेज पातळ करून, गाळून, त्यात धुतलेलं पोलकं बुडवा. साबुदाण्याची खळही चालते, ती जरा जास्त ताठ होते. पूर्ण वाळायच्या आत, किंचित ओलं असतानाच इस्त्रीला घ्या. आधी पट्टी, मग अंग, फुगे सर्वांत शेवटी. फुग्यात छोटा टॉवेल गोळा करून घाला आणि इस्त्रीच्या टोकाने चुण्यांच्या मुळाशी हलके टेकवत जा. वरून सपाट फिरवली तर मधोमध घडी पडते आणि ती पुन्हा धुवेपर्यंत जात नाही.

कपाटात ठेवताना घडी घालू नका. हँगरला लावा, फुग्यांत जुन्या मलमलीचे बोळे भरा. वर्तमानपत्राचे भरू नका, शाई लागते. आणि ते खाकी कागद पुठ्ठ्यावर गुंडाळून, वर तारीख आणि आपली त्या दिवशीची छाती-कंबर लिहून ठेवा. दुसरं पोलकं त्यावरूनच निघणार आहे, आणि कॉलर लावायची अजून बाकी आहे.